मोटारीवर फिरणारा कॉक : पेटंटाला लायक की नाही?

तुमच्या गावात एखादा तरी असा मिस्त्री असेलच. मोटर रिवाइंडिंगचे दुकान, दारात चार जळालेल्या मोटारी आणि आत फळीवर स्वतःच्या डोक्यातून काढलेले एखादे यंत्र. रात्रीच्या पाळीची लाईट असली की थंडीत उठून शेताच्या त्या टोकाला ठिबकचा कॉक फिरवायला जायचे कोणी? म्हणून हा गडी मोडीत निघालेल्या जीपच्या वायपरची मोटर काढतो, ती कॉकच्या दांड्याला बसवतो, बारा व्होल्टची बॅटरी जोडतो. बटण दाबले की कॉक आपोआप फिरतो. इंजिनिअर मंडळी अशा साधनाला ‘ॲक्च्युएटर’ म्हणतात. माणसाच्या मनगटाचे काम मोटारीने करायचे, एवढाच त्याचा अर्थ.

गाव बघायला जमते आणि कोणीतरी म्हणतेच, “अरे, याचं पेटंट घे की! न्हाईतर एखादी कंपनी पळवंल.” तिथून मिस्त्रीची झोप उडते. कोणी एजंट भेटतो, पैसे मागतो. सरपंचाकडे शिफारसपत्र मागितले जाते. आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो, की हे यंत्र पेटंटाला लायक आहे का? हे कसे ठरवतात ते एकदा नीट समजून घेऊ. पैसे घालवायचे की वाचवायचे, ते त्यावरच ठरते.

कायदा काय विचारतो?

आपल्याकडे पेटंटचा कायदा १९७० चा आहे. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, २००५ ची मोठी. पेटंट म्हणजे सरकारने केलेला सौदाच म्हणा ना. तुम्ही तुमची युक्ती लपवून न ठेवता सगळ्या जगाला लिहून द्यायची. बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे ती वस्तू बनवण्याचा आणि विकण्याचा हक्क तुमचा. तुमच्या परवानगीवाचून दुसऱ्याने बनवली तर तुम्ही त्याला कोर्टात खेचू शकता. वीस वर्षे संपली की युक्ती सगळ्यांची.

सौदा मोठा आहे, म्हणून अटीही कडक आहेत. पहिली, वस्तू नवी हवी. नवी म्हणजे गावात नवी नव्हे, जगात कोठेही आधी छापलेली किंवा वापरलेली नसावी. दुसरी, त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचण्यासारखी नसावी. तिसरी, ती कारखान्यात किंवा शेतात बनवता-वापरता यावी. तिसऱ्या अटीत सहसा कोणी अडकत नाही. पहिलीत पुष्कळ अडकतात. दुसरीत मात्र भलेभले पडतात.

मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला

या दुसऱ्या अटीवर आपल्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आजही पायाभूत मानला जातो. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला पितळेच्या भांड्यांचा मोठा धंदा. तिथल्या एका पेढीने भांडे लेथवर पक्के धरण्याच्या रचनेवर १९५१ पासूनचे पेटंट मिळवले होते. जुन्या पद्धतीत भांडे फिरता फिरता निसटून उडायचे आणि कामगाराला इजा व्हायची. नव्या रचनेत ते टोकाच्या दाबाने घट्ट धरले जाई. शेजारच्याने तशीच रचना वापरली म्हणून दावा गुदरला. प्रकरण अलाहाबाद हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला. पेटंट रद्द!

कारण काय? कोर्ट म्हणाले, दाब देऊन वस्तू धरण्याची ही युक्ती लेथच्या धंद्यात आधीपासून माहीत होती. माहीत असलेले भाग माहीत असलेल्या रीतीने जुळवले, काम थोडे सोयीचे झाले. ही वर्कशॉपमधली सुधारणा झाली, शोध नव्हे. आणि आणखी एक गोष्ट कोर्टाने स्पष्ट केली. पेटंट कार्यालयाने कागद दिला म्हणजे तो कायमचा खरा ठरला असे नाही. कोर्टात तो पुन्हा तपासता येतो.

अमेरिकेतही असेच घडले. तिथल्या सुप्रीम कोर्टापुढे २००७ मध्ये मोटारगाडीच्या पायडलाचे प्रकरण आले. पुढे-मागे सरकणारे पायडल आधीच होते, पायडल किती दाबले हे सांगणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सरही होता. दोन्हींची सांगड घालून, सेन्सर पायडलाच्या न हलणाऱ्या खुंटीवर बसवला, म्हणून पेटंट घेतलेले. कोर्टाने विचारले, त्या धंद्यातल्या साध्या इंजिनिअरला हे सुचले नसते का? सुचलेच असते. म्हणून ते पेटंट टिकले नाही.

आता परीक्षकाच्या खुर्चीत बसू

चला, घटकाभर पेटंट परीक्षकाच्या खुर्चीत आपण बसू आणि मिस्त्रीचे यंत्र टेबलावर घेऊ. कांद्याची पात सोलावी तसे एकेक पदर काढत जाऊ.

पहिला पदर. मोटर, गिअर आणि कॉक. वायपरच्या मोटारीत वर्म गिअर आधीच बसवलेला असतो. मोटर जोरात फिरते, दांडा सावकाश पण ताकदीने फिरतो आणि मोटर थांबली की कॉक सहसा जागचा हलत नाही. मिस्त्रीने मोटर अचूक निवडली, शाबास. पण मोटारीने फिरणारे व्हॉल्व्ह वीजकेंद्रांत आणि पाणीपुरवठ्याच्या कामात कित्येक दशके आहेत. हा पदर गेला.

दुसरा पदर. कॉक पूर्ण उघडला की मोटर बंद करणारा लिमिट स्विच. हा तर मोटारीवर चालणाऱ्या दारांत, शटरांत नेहमीचाच. गेला.

तिसरा पदर. मोबाईलवरून चालू-बंद. मोबाईलवर पंप चालू करणारे स्टार्टर आज खेड्यापाड्यांत आहेत. मोबाईल मोबाईलचे काम करतो, कॉक कॉकचे. कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे, की माहीत असलेली साधने आपापले काम वेगवेगळे करत असतील, तर त्यांची नुसती जुळवाजुळव म्हणजे शोध नव्हे. हाही गेला.

चौथा पदर. एकाच मोटारीवर दोन कॉक, एक बंद होता होता दुसरा उघडतो. म्हणजे दोन्ही एकदम बंद होऊन पंपाचा दाब पाइपावर येत नाही आणि पाइप फुटत नाही. इथे मिस्त्रीचे डोळे चमकतात. पण परीक्षक म्हणेल, एका वाटेने आलेले पाणी दोहोंपैकी एका वाटेला सोडणारा त्रिमार्गी व्हॉल्व्ह जुनाच आहे. त्याहून तुझे वेगळे काय?

एवढे झाल्यावर मिस्त्रीचे तोंड उतरलेले असते. पण थांबा, समजा अजून एक पदर आहे. नदीच्या पाण्यात गाळ असतो. कॉकच्या खाचेत वाळू अडकली की मोटर तिथेच अडते, करंट वाढतो आणि मोटर जळते. मिस्त्रीने काय केले? मोटर अडली की ती थोडी उलटी फिरते. आणि त्या उलट्या फिरण्यानेच दांड्यावरचे एक छोटे भोक उघडते. त्यातून पाण्याची धार थेट खाचेवर मारली जाते, वाळू निघून जाते आणि मग मोटर पुन्हा सुलटी फिरून कॉक लावते. दुसरी मोटर नाही, दुसरा पंप नाही.

आता परीक्षकाला सरसावून बसावे लागेल. अडले की उलटे फिरणे नवे नाही, गाडीची काचसुद्धा बोट अडकले की खाली येते. पाण्याच्या धारेने गाळ धुणेही नवे नाही, आपण फिल्टर उलटा धुतोच. पण या दोन गोष्टी इथे स्वतंत्र नाहीत. उलटे फिरणे हेच भोक उघडते. एकीवाचून दुसरी होत नाही आणि दोन्ही मिळून एक वेगळेच काम होते. अशी रचना जुन्या पेटंटांत, पुस्तकांत, कंपन्यांच्या माहितीपत्रकांत कोठे सापडते का, ते शोधावे लागेल. सापडली नाही, तरच पुढचा प्रश्न. जाणत्या फिटरला गाळाची अडचण सांगितली असती, तर त्याने हीच वाट धरली असती का?

इथे परीक्षकानेही एक पथ्य पाळायचे असते. उत्तर कळल्यावर गणित सोपेच वाटते. “त्यात काय एवढं?” असे म्हणणाऱ्याला विचारावे, मग गाळाने मोटारी जळत होत्या तेव्हा तू का नाही केलंस? मिस्त्रीच्या अर्जाचा जीव या शेवटच्या पदरात आहे. बाकी सगळे बारदान.

दावा कसा लिहावा

म्हणून अर्जात ‘मोटारीने फिरणारा कॉक’ असा ऐसपैस दावा केला तर तो टिकणार नाही. ‘अमुक दांड्यावर अमुक मिलीमीटरचे भोक’ इतका अरुंद केला तर शेजारचा भोक दोन मिलीमीटरने मोठे पाडून मोकळा होईल. शेताचा बांध जसा मोजणी करून घालतात तसा दावा घालावा लागतो. दुसऱ्याच्या जमिनीत जायचे नाही आणि आपली सोडायची नाही. इथे जाणकाराला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवा. ‘कोणत्या पिकाला किती वेळ पाणी सोडावे’ अशा शेती करण्याच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंटच नाही. यंत्राला मिळू शकते. आणि यंत्राच्या पेटीचा नुसता आकार, दिसणे वेगळे असेल, तर त्यासाठी पेटंट नव्हे, २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी आहे. ती आधी दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच.

आधी अर्ज, मग प्रदर्शन

आता सगळ्यात महत्त्वाचे. यंत्र कृषी प्रदर्शनात मांडले, पेपरात फोटो छापून आणला, चार जणांना विकले आणि मग अर्ज केला, तर तुमचेच यंत्र तुमच्याच विरोधात पुरावा ठरू शकते. ते आता ‘नवे’ उरत नाही. सरकारने खास जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती आणि गरजेच्या चाचणीपुरती एक वर्षाची सवलत कायद्यात आहे, पण तिच्या अटी कडक. तिच्यावर विसंबू नका. कौतुकाची हौस चार महिने पुढे ढकला.

यंत्र अजून पुरते बसले नसेल तर तात्पुरते तपशीलपत्र देऊन तारीख पक्की करता येते. मग बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीची ४,००० रुपये आहे. परीक्षणाची विनंती आपण होऊन करावी लागते, ती मुदतीत केली नाही तर अर्ज बाद. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ही मुदत ३१ महिन्यांची आहे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात. गुजरातेत गांधीनगरजवळ नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही २००० साली सुरू झालेली संस्था आहे. खेड्यातल्या कारागिरांच्या शोधांची पारख आणि पेटंटाला मदत हेच तिचे काम. एजंटाच्या हातात नोटा ठेवण्याआधी तिथे एक पत्र टाकून बघा.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी

पंचायतीच्या शिफारसपत्राने पेटंट मिळत नाही, हे मिस्त्रीला मोकळेपणी सांगा. पण पंचायतीच्या कागदाला किंमत नाही असे समजू नका. उद्या बाहेरचा कोणी येऊन म्हणाला, “या यंत्राचं पेटंट माझं, तुम्ही बनवायचं नाही,” तर घाबरून जाऊ नका. पेटंटचा नंबर मागा. अर्ज नुसता केलेला आहे की मंजूर झाला आहे, ते विचारा. मंजुरीआधी दावा लावता येत नाही. वार्षिक फी भरली आहे का, तेही पेटंट कार्यालयाच्या नोंदीत दिसते. फी थकली तर पेटंट संपते.

आणि ते यंत्र तुमच्या गावात त्याच्या अर्जाच्या आधीपासून उघडपणे चालत असेल, तर तारखेसकट पुरावा काढा. जुनी पावती, ठरावाची नोंद, फोटो, काहीही. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर मंजुरीपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर वर्षभर हितसंबंध असणाऱ्याला विरोध करता येतो. हळदीचे उदाहरण आठवा. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा ज्या सीएसआयआरचे महासंचालक होते, तिने जुने लेखी पुरावे पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आजीला माहीत होते एवढ्याने भागले नाही, लिहिलेले दाखवावे लागले.

तेव्हा मिस्त्रीदादा, आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर एक वही घ्या. यंत्राचे चित्र काढा, तारीख घाला. जे बाजारात आधीच मिळते त्यावर काट मारत जा. शेवटी काय उरते ते बघा. काही उरले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. यंत्र बनवा, विका, दुरुस्त करून द्या, लोकांची रात्रीची चक्कर वाचवा. त्याला पेटंटाचा कागद लागत नाही. मात्र दुसऱ्याच्या चालू पेटंटावर तर पाय पडत नाही ना, तेवढे बघून घ्या. पण एक ओळ जरी उरली, गाळाच्या त्या भोकासारखी, तर वही मिटा, कोणाला दाखवू नका आणि आधी अर्जाचे बघा.