मैदानी गुणांची पारख : लेखांक सातवा — जन्मतारीख, वजन आणि बुडालेला रोज

मागील लेखांकात धावणे, उड्या आणि फेक या एकट्याने करावयाच्या खेळांतील होतकरू मुले कशी ओळखावी, याचा विचार झाला. या आठवड्यात अंगाला अंग भिडणाऱ्या सांघिक खेळांकडे वळावयाचे आहे, आणि त्यासाठी उदाहरण म्हणून असा एक खेळ घ्यावयाचा आहे, की जो हिंगोलीपासून हजारो कोस दूर जन्मास आला असला, तरी ज्याच्या जन्मकथेत सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील मजुराच्या कुटुंबास आपलीच अडचण ओळखू यावी. हा खेळ म्हणजे रग्बी लीग.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तर भागातील खाणींत आणि गिरण्यांत राबणारे कामगार रग्बी खेळत. त्या काळी शनिवारही कामाचा वार असल्यामुळे सामन्याच्या दिवशी त्यांची मजुरी बुडे. ती मजुरी क्लबाने भरून द्यावी, अशी मागणी उत्तरेकडील क्लबांनी केली, तेव्हा हौशी खेळात पैशाचा स्पर्श नको, या तत्त्वावर खेळाच्या मध्यवर्ती संस्थेने ती फेटाळली; आणि ज्यांना रोजाची चिंता नव्हती अशा सुखवस्तू वर्गाला हे तत्त्व पाळणे सोपे असले, तरी खाणीतल्या माणसाला ते परवडणारे नव्हते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात जमलेल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि २२ क्लबांची नवी संघटना उभी राहिली. नियम पुढे हळूहळू बदलत गेले : १९०६ मध्ये पंधरांऐवजी तेरा खेळाडू झाले, १९६६ मध्ये चेंडू बाळगणाऱ्या संघास चार पकडींची मर्यादा घातली गेली, आणि काही वर्षांनी ती सहा पकडींवर स्थिर झाली. आज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात हा खेळ लोकप्रियतेच्या शिखरावर आहे; परंतु त्याचा पाया बुडालेल्या रोजाच्या भांडणावर रचला गेला, ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी आपणास त्याच प्रश्नाकडे यावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्यात अंगलटीचा खेळ म्हटला, की डोळ्यांपुढे उभी राहते ती कबड्डी आणि कुस्ती. कबड्डी आणि रग्बी लीग यांचे नाते वरकरणी दिसते त्याहून जवळचे आहे. दोहोंतही एक जण प्रतिपक्षाच्या मुलखात घुसतो, बाकीचे त्याला साखळी करून अडवतात, आणि किती जोराने आपटले यापेक्षा कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूने झडप घातली यावर यश ठरते. म्हणूनच कबड्डीतला चांगला कोपरारक्षक पाहून रग्बीच्या जाणकारास लोभ वाटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि भेद दोन ठिकाणी आहे आणि तो मुलांच्या निवडीत निर्णायक ठरतो. पहिला असा, की घोट्याची पकड घेताना कबड्डीपटूचे डोके पुढे येते. चढाई करणारा तेथे तोल सांभाळून पाऊल टाकीत असतो, म्हणून ते निभावते, पण रग्बीत समोरचा पूर्ण वेगाने धावत येतो, आणि पुढे आलेल्या डोक्यावर त्याचा गुडघा बसला तर अनर्थ ओढवतो. यास्तव डोके नेहमी प्रतिस्पर्ध्याच्या मागील बाजूस, खांदा त्याच्या मांडीला आणि मिठी दोन्ही हातांची, हा पाठ प्रथम गुडघ्यांवर बसून, मग चालत आणि अगदी शेवटी धावत गिरवावा लागतो. दुसरा भेद पकडीनंतरचा आहे. कबड्डीत पकड झाली की डाव तेथेच संपतो. लीगमध्ये पकडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो, बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे धावत जाऊन पुन्हा रांग धरावी लागते, आणि हे ऐंशी मिनिटांच्या सामन्यात अव्याहत चालते.

म्हणून पारख करणाऱ्याची नजर पकडीवर खिळून राहू नये. ती मूल पडल्यानंतर काय करते, यावर असावी. जमिनीवर पडलेला मुलगा आपण पकडले गेलो याची खंत करीत पडून राहतो, की उठण्याआधीच त्याची मान वळून चेंडू कोठे आहे हे शोधते? थकल्यावर तो सोबत्यांना हाका मारून रांगेत बोलावतो, की आपल्या जागेपुरता उभा राहतो? हे गुण कोणत्याही फितीने मोजता येत नाहीत, पण जो शिक्षक एका मुलाला वर्षभर खेळताना पाहतो त्याला ते न मोजताही कळतात.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. आपल्या मुलखाची काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगाळते; अशा भूमीवर मुलांना पडावयास शिकविणे म्हणजे त्यांना दुखापतीच्या स्वाधीन करणे होय. परंतु तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू आणि हळद कालवून सिद्ध केलेला कुस्तीचा हौद हे साधन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ज्या जिल्ह्यातील वसमतची हळदीची बाजारपेठ दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे, त्याला हौदासाठी हळद कमी पडण्याचे कारण नाही. पडणे, लोळणे आणि अंगाला अंग लावणे यांचे पहिले काही महिने तेथेच जावेत. महागड्या चटयांची वाट पाहत बसण्याची गरज नाही.

आता वयाचा प्रश्न. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट १ जानेवारी ही तारीख धरून पाडले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात उतरते आणि त्यांच्या वाढीत जवळजवळ वर्षाचे अंतर असते. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीचा अभ्यास करणाऱ्या रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की निवडल्या गेलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते. आणि इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये लीड्स येथील केविन टिल व त्यांचे सहकारी यांनीही तेच चित्र मांडले. निवडणारे आपण गुण निवडतो असे समजतात, आणि पुष्कळदा निवडतात तो लवकर आलेला वाढीचा उभार.

आपल्याकडे या दोषावर आणखी एक थर चढलेला आहे. गावोगावच्या शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहावे, म्हणजे जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख किती मुलांपुढे लिहिली आहे ते दिसते. जन्माची नोंद घरी नाही, बापाला सण आठवतो पण साल आठवत नाही, आणि शाळा जूनमध्ये उघडते. तेव्हा गुरुजींनी प्रवेशाला पुरेसे वय भरेल अशा हिशेबाने १ जून लिहिला आणि तो मुलाला आयुष्यभर चिकटला. अलीकडे जन्मदाखल्यांमुळे ही प्रथा ओसरत आहे. तथापि वाड्यांवरच्या आणि तांड्यांवरच्या मुलांच्या बाबतीत कागदोपत्री वय आणि खरे वय यांची रुजवात अद्यापही सहजासहजी घडत नाही, आणि तज्ज्ञांची जी गणिते उंची, बसकी उंची, वजन व वय यांवरून वाढीचा टप्पा काढतात, ती मूळ तारीखच काल्पनिक असली तर लंगडी पडतात.

यावर गावच्या कबड्डीने फार पूर्वी आपला एक उपाय शोधून ठेवला आहे. जत्रेच्या किंवा जयंतीच्या निमित्ताने भरणाऱ्या स्पर्धांच्या पत्रकांवर पंचेचाळीस किलो, पंचावन्न किलो, पासष्ट किलो असे गट छापलेले असतात. संघ येतो, काटा मांडलेला असतो, मुले एकामागून एक त्यावर चढतात, आणि जन्मदाखल्याची पंचाईतच उरत नाही. कबड्डी संघटनेच्या किशोर आणि कुमार गटांनाही वयाबरोबर वजनाची मर्यादा आहे. न्यूझीलंडमध्ये मुलांच्या रग्बीत वजनानुसार गट पाडण्याची पद्धत रुजली, ती ह्याच विचाराने. मला ही व्यवस्था मनापासून पसंत आहे, कारण ती सडपातळ मुलास खेळात टिकवून धरते. परंतु तिची एक वाईट बाजूही आहे : गटात बसण्यासाठी मुलांना उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, उन्हात पळवून घाम काढणे. वाढीच्या वयात हा अघोरी प्रकार मुळीच चालू देता कामा नये, आणि काट्यावर मुलगा अर्धा किलो जास्त भरला तर त्याला वरच्या गटात खेळविण्याचे धैर्य संघाच्या वडीलधाऱ्यांनी दाखवावे.

वयाची तारीख खोटी आणि वजन फसवे, तर मग विश्वास कशावर ठेवावा? वाढीच्या वेगावर. दर तीन महिन्यांनी शाळेच्या भिंतीवर आखलेल्या खुणांपाशी मुलाला अनवाणी उभे करून उंची टिपली, तर तिच्या वाढीचा वेग जन्मतारखेवाचून समजतो. बहुतेक मुलांत हा वेग चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींत बाराव्याच्या आसपास कळसास पोहोचतो. ज्याची उंची झपाट्याने वाढून आता मंदावली आहे, त्याचे सामर्थ्य बरेचसे आज दिसते तेवढेच. ज्याचा वेग अजून वाढलाच नाही, त्याचा आजचा दुबळेपणा तात्पुरता असू शकतो. टिल यांच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणातही उशिरा वाढणाऱ्या मुलांनी पुढे अधिक प्रगती करून अंतर कमी केल्याचे आढळले. अर्थात ती मुले तोपर्यंत खेळात राहिली, म्हणून हे घडू शकले. चौदाव्या वर्षी नाव कापले गेलेला मुलगा सोळाव्या वर्षी आपली वाढ दाखवावयास मैदानावर परत येत नाही.

या दृष्टीने शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची निवडपद्धती तपासण्याजोगी आहे. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची उंची, वजन, तीस मीटरची वेगधाव, दहा मीटरच्या सहा फेऱ्या, उभी उडी, लांब उडी, मेडिसीन बॉलची फेक, पुढे वाकण्याची लवचिकता आणि आठशे मीटर धाव अशा कसोट्या घेऊन निवासी प्रशिक्षणासाठी मुले घेतली जातात. या कसोट्या निरुपयोगी आहेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या खेड्यात कोणीही जाणकार कधी फिरकला नाही, तेथील मुलाला त्यांनी दार उघडून दिले आहे. पण त्या एका दिवसाच्या आहेत. त्या दिवशी मूल तापाने फणफणलेले असू शकते, आदल्या रात्री उपाशी झोपलेले असू शकते, किंवा पहिल्यांदाच जिल्ह्याच्या गावी आल्यामुळे बावरलेले असू शकते. आणि पडून उठण्याचा जो गुण वर सांगितला, त्याला कोणत्याही कसोटीत गुण नाहीत. त्यासाठी शाळेतील शिक्षकाचे वर्षभराचे टिपण कसोटीच्या कागदाला जोडले जावे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसतात, हे खरे. परंतु खेळाची आवड असलेला एखादा गुरुजी किंवा बाई बहुतेक केंद्रांत सापडतात, आणि त्यांच्या हाती ही वही द्यावी.

एका जागी चिकाटीने राहिलेल्या माणसाचे मोल काय असते, हे आपल्या मराठवाड्यातच पाहावयास मिळते. धाराशिवच्या खो-खोची कीर्ती डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या मार्गदर्शकांनी वर्षानुवर्षे एकाच मैदानावर मुली घडविल्यामुळे झाली. तेथल्याच सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळविले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. ओडिशातील भुवनेश्वर येथे आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेतील बारा मुलांनी २००७ साली चौदा वर्षांखालील आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा इंग्लंडमध्ये जाऊन जिंकली, तेव्हा चेंडू हाती घेऊन त्यांना फारसा काळ लोटला नव्हता. खेळ नवा असला तरी शरीर आणि बुद्धी तयार होती. आणि मुलांचे जेवण, निवारा व सराव एकाच छपराखाली होता, हे त्या यशाचे अर्धे मर्म आहे. कळमनुरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे, तिच्या अखत्यारीत आश्रमशाळा आहेत, आणि त्या शाळांतील मुलेही अशीच एका छपराखाली राहतात. अंगलटीच्या नव्या खेळाची सुरुवात करावयाची झाल्यास माझे पहिले बोट त्या आश्रमशाळांकडे वळेल.

आश्रमशाळेबाहेरच्या मुलाचे काय, हा प्रश्न मात्र आपल्याला पुन्हा हडर्सफील्डच्या कामगारांकडे आणून सोडतो. तालुका आणि जिल्हा पातळीचे सामने साधारणतः पावसाळ्यात उरकतात, आणि विभागीय व राज्य पातळीचे सामने दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे येतात. नेमक्या त्याच सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता आणि मागे ठेवावयास घरात कोणी नाही, अशा स्थितीत मूलही टोळीबरोबर जाते. मोठे असेल तर मोळ्या बांधू लागते, लहान असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळते. जिल्ह्याच्या संघात निवडले गेलेले पोर विभागाच्या सामन्याला गैरहजर राहते, आणि यादीत त्याच्या नावापुढे केवळ अनुपस्थित एवढाच शेरा पडतो. पित्यास खेळाची आवड नाही, म्हणून हे घडते, असे समजणे अन्यायाचे आहे. ज्याने उचल घेतली आहे त्याच्या लेखी मुलाच्या चार दिवसांच्या स्पर्धेची किंमत म्हणजे बुडालेले चार रोज, आणि ते भरून देणारे त्याला कोणी भेटलेले नसते.

यावर उपाय अवघड नाही, पण त्याला दोन कचेऱ्यांची गाठ पडावी लागते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण विभाग हंगामी वसतिगृहांची तजवीज करतो. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे निवडलेल्या मुलांच्या याद्या असतात. ह्या दोन याद्या दसऱ्यापूर्वी एकमेकींशी ताडून पाहाव्यात, निवडलेल्या प्रत्येक मुलाची जागा वसतिगृहात आधी राखून ठेवावी, आणि स्पर्धेच्या प्रवासभत्त्याबरोबर घरच्या बुडालेल्या रोजाचीही रक्कम रीतसर मंजूर करावी. हा खर्च जिल्हा नियोजनाच्या कोणत्या शीर्षाखाली बसवावा, हे अंमलदारांनी ठरवावे. पण तो दसऱ्याआधी मंजूर झाला पाहिजे, कारण त्यानंतर टोळ्यांचे ट्रक भरू लागतात.

मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी लवकर मांडावा लागतो. त्यांच्या वाढीचा कळस मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येतो, म्हणजे उंचीची त्रैमासिक नोंद पाचवीत, किंबहुना चौथीतच सुरू व्हावयास हवी. आणि सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावी असली, की पुष्कळ मुलींचे मैदान तेथेच सुटते. त्यांच्या निवडीचा, सरावाच्या वेळेचा आणि गावाहून मैदानापर्यंतच्या वाटेचा विचार पुढील लेखांकात करू.