कासवीची नजर

वर्गात संतकाव्य शिकवताना गेली वीस वर्षे मी कासवीचा दृष्टान्त सांगत आलो आहे. कासवी म्हणे दुरून नुसत्या नजरेने पिलांना पोसते! निदान ती पिले तरी डोळ्यांनी पाहावीत, म्हणून यंदा मार्चमध्ये सहकुटुंब वेळासला गेलो.

वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले नाना फडणविसांचे मूळ गाव. ज्यांच्या घरी उतरलो, त्या वहिनींनी पहाटेच चहा देऊन आम्हांला बाहेर काढले. सुरूच्या बनातून पुळणीवर पोहोचलो तेव्हा नुकते फटफटत होते. समोर जाळीचे कुंपण. आत वाळूत पुरलेली अंडी नि त्यांवर पालथ्या टोपल्या. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वर येते, वाळूत शंभरएक अंडी घालते, खड्डा बुजवते नि समुद्रात परतते. पिलांकडे ती पुन्हा फिरकत नाही! राखणदार ती अंडी कुंपणात आणून दीडएक फूट खोल पुरतात. पुढचे ४५ ते ६० दिवस ऊब द्यायची ती वाळूने. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर.

राखणदाराने टोपल्या उचलायला सुरुवात केली. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. धाकटीचा चेहरा उतरला.

"लहानपणी ही अंडी आम्हीच खणून खायचो, मास्तर," तो सहज म्हणाला. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने इथे संरक्षणाचे काम हाती घेतले; २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. खणणारे हात राखणीला लागले, ही गोष्ट मला दृष्टान्ताहून मोठी वाटली.

पाचव्या टोपलीखाली वाळू हलली. सात पिले! काळसर, तळहातावर मावतील एवढी. पाण्यापासून काही अंतरावर त्यांना सोडले, आम्ही दोरीमागे. हात लावायचा नाही, बत्ती पाडायची नाही. उजेडाच्या रोखाने ती चालतात, भलता उजेड दिसला की चुकतात. एक पिलू लाटेने उलथे पडले. सौभाग्यवती पुढे झाल्या.

"राहू द्या, वहिनी."

दुसऱ्या लाटेने ते सुलटे झाले नि दिसेनासे झाले.

"यांची आई कुठंय?" धाकटीने मला विचारले. मला उत्तर सुचेना.

"ती कधीच गेली, बाय. रात्री इथं आम्हीच असतो," राखणदार म्हणाला नि टोपल्या पुन्हा पालथ्या घालू लागला. "राहिलेली संध्याकाळी बघू. सहाला या."