पॅरिसच्या पोटातला समुद्र

पॅरिसच्या आग्नेयेला मलाँ नावाचं गाव आहे. जवळपास ज्वालामुखी नाही, उकळतं कुंड नाही. तरीही 1969 साली तिथं खोल विहीर खणून घरं उबदार करायला सुरुवात झाली. ती ऊब आली एका जुन्या समुद्राकडून.

साधारण साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ, कोमट समुद्र होता. लाटांबरोबर तळाशी घोळणाऱ्या शिंपल्यांच्या कणांवर चुन्याची पुटं चढत गेली. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाक चढतो, अगदी तशी! या खसखशीएवढ्या गोल दाण्यांचा चुनखडक झाला. त्यावर गाळाचे थर साचत गेले, तळ खचत गेला. आज तो खडक, म्हणजे ‘डॉगर’, दीड ते दोन किलोमीटर खाली आहे. त्याच्या छिद्रांत खारं पाणी भरलंय. पृथ्वीच्या पोटातून सतत झिरपणारी उष्णता त्याला 55 ते 80 अंशांपर्यंत तापवते.

एवढ्यावर वीज फायद्यात होत नाही. पण घरं तापवायला ती ऊब पुरते. खोली 20 अंशांवर ठेवायला हजारावर अंशांची ज्योत जाळणं, ही मला खरी उधळपट्टी वाटते.

खोलवर ऊब आहे, हे पॅरिसला 1841 मध्येच दिसलं होतं. ग्रनेल इथं पिण्याच्या पाण्यासाठी सात वर्षं खणल्यावर 548 मीटरांवरून पाणी आपसूक उसळलं, सुमारे 28 अंशांचं. ते वेगळ्या, वरच्या वालुकाथरातलं.

डॉगरचं पाणी मात्र थेट नळात सोडता येत नाही. त्यातला क्षार आणि गंधकयुक्त वायू पोलाद खातात. 1980च्या दशकात कित्येक विहिरी त्यापायी बंद पडल्या. मग विहिरीच्या तळाशी गंजरोधक रसायन सोडायची युक्ती निघाली. हे पाणी टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांआडून घरांकडे जाणाऱ्या गोड्या पाण्याला आपली ऊब देतं. दोन्ही पाणी एकमेकांना शिवतही नाहीत.

थंडावलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत त्याच खडकात सोडतात. दोन्ही विहिरींची तोंडं वर शेजारी, पण खाली त्या तिरप्या जातात आणि तळाशी किलोमीटरभर अंतर राखतात. परतलेल्या पाण्याचा गारवा पहिल्या विहिरीपर्यंत पोचायला दशकं लागतात. तोवर ते त्या हलव्याच्या दाण्यांमधून सरकत, खडकाची ऊब घेत राहतं.