मधाचा वाटाड्या

उत्तर मोझांबिकच्या नियासा जंगलात याओ समाजातला माणूस मध काढायला निघाला, की चालता चालता घशातून एक आवाज काढत राहतो. आधी थरथरता, लांबलेला ‘ब्रर्रर्र’ आणि त्याला जोडून हुंकारासारखा ‘हम्म’. थोड्या वेळाने एखाद्या फांदीवरून कलकल ऐकू येते. बुलबुलाएवढा, मातकट रंगाचा एक पक्षी तिथे बसलेला असतो. माणूस जवळ आला की तो उडतो, शेपटीची पांढरी किनार दाखवत पुढच्या झाडावर बसतो आणि पुन्हा कलकलाट करतो. असं करत करत तो माणसाला मधमाश्यांच्या पोळ्यापर्यंत नेऊन सोडतो.

हा पक्षी म्हणजे हनीगाइड. त्याला कुणी पाळलेलं नाही, शिकवलेलं नाही. बैल, घोडा, कुत्रा यांना माणसाने पिढ्यान् पिढ्या आपल्या सोयीने घडवलं. हा मात्र पूर्ण रानटी आहे आणि तरीही आपणहून माणसाकडे येतो.

त्याला मधापेक्षा मेण हवं असतं. मेण पचवू शकणारे पक्षी फार थोडे, त्यांतला हा एक. पण पोळं असतं झाडाच्या ढोलीत, आत डंख मारणाऱ्या माश्या, आणि ढोली फोडण्याची ताकद या चोचीत नाही. माणसाकडे कुऱ्हाड आहे आणि विस्तव आहे. याओ लोक वाळक्या काटक्यांभोवती हिरवा पाला बांधून त्याची मोळी लांब काठीच्या टोकाला लावतात, पेटवून ढोलीच्या तोंडाशी धरतात. धुराने माश्या मंदावल्या की झाड तोडून पोळं उघडतात. मध माणसाचा, मेण पक्ष्याचा.

पाश्चात्त्य जगाला ही गोष्ट खूप आधी कळली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला इथे राहणाऱ्या जुआंव दुश सांतुश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने लिहून ठेवलंय, की एक पक्षी चर्चमध्ये शिरून मेणबत्त्यांचं मेण खातो आणि हाच पक्षी माणसांना मधापर्यंत नेतो. मोजमाप मात्र 1989 साली झालं. केनियाचे हुसेन इसाक आणि जर्मन शास्त्रज्ञ हाइंझ-उलरिश रायर यांनी उत्तर केनियातल्या बोरान लोकांबरोबर फिरून नोंदी केल्या. अनोळखी भागात पक्ष्याविना पोळं सापडायला सरासरी जवळजवळ 9 तास लागत. पक्षी सोबत असला की साधारण 3 तास.

2016 साली क्लेअर स्पॉटिसवूड आणि सहकाऱ्यांनी याहून बारकाईचा प्रश्न विचारला. पक्ष्याला याओंच्या त्या खास हाकेचा अर्थ कळतो का? त्यांनी जंगलातून चालताना कधी ती हाक वाजवली, कधी माणसाचे साधे शब्द, कधी दुसऱ्या पक्ष्याचा आवाज. इतर आवाजांना पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता साधारण 33 टक्के होती, हाकेला ती 66 टक्क्यांवर गेली. ही हाक तुम्ही का देता, असं विचारल्यावर याओंचं उत्तर एवढंच होतं, की वडिलांकडून शिकलो.

टांझानियातले हाद्झा लोक अशी हाक देत नाहीत, ते सुरेल शीळ घालतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्हीकडचे आवाज दोन्हीकडे वाजवून पाहिले. प्रत्येक ठिकाणचा पक्षी परक्या आवाजापेक्षा आपल्या भागातल्या माणसाच्या आवाजाला अधिक प्रतिसाद देत होता, टांझानियात तिपटीहून अधिक आणि मोझांबिकमध्ये जवळजवळ दुप्पट. म्हणजे पक्ष्यालाही आपल्या मुलखाची बोली कळते.

आणि ती त्याला आईबाप शिकवत नाहीत, ही मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट. हनीगाइडची मादी कोकिळेसारखी दुसऱ्याच पक्ष्याच्या घरट्यात अंडं घालते. अंड्यातून बाहेर आलेल्या आंधळ्या पिल्लाच्या चोचीला अणकुचीदार आकडे असतात. त्यांनी ते यजमानाच्या पिल्लांना मारून टाकतं. अशा घरात वाढलेला पक्षी खऱ्या आईबापांना ओळखतही नाही. वाट दाखवण्याची ओढ बहुधा उपजत असावी. पण हाक कोणती, हे त्याला त्या भागातल्या माणसांच्या सहवासातच कळत असणार.

वाटणीची रीतही जागोजाग वेगळी. याओ लोक मेण गोळा करून हिरव्या पानांवर पक्ष्यासाठी मांडून ठेवतात. हाद्झा अनेकदा उरलेलं मेण जाळतात किंवा पुरतात, कारण पक्षी भुकेला राहिला तर पुढचं पोळंही दाखवील.

आपल्या हिमालयातही याचा एक भाऊबंद आहे. कड्यांना लटकलेल्या पोळ्यांचं मेण तो खातो, पण माणसाला बोलवत नाही. उघड्यावरच्या त्या पोळ्यांसाठी त्याला कुऱ्हाडीची गरजच पडत नाही.

आफ्रिकेत मात्र बऱ्याच ठिकाणी हा संवाद थांबत चाललाय. दुकानात साखर मिळते, तरुण पोरं मधामागे जात नाहीत, काही अभयारण्यांत मध काढायला बंदी आहे. प्रतिसाद द्यायला कुणी उरलं नाही की पक्षीही वाट दाखवणं सोडतो. जंगल राखायचं म्हणजे माणूस बाहेर काढायचा, हा हिशेब इथे चुकतो. नियासा हे राखीव क्षेत्र आहे, पण तिथली गावं आतच आहेत, लोक आजही मधासाठी रानात जातात, आणि म्हणूनच तिथला पक्षी आजही हाकेला येतो.