खाजेला लाजू नका, तिचा माग काढा

ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. दाढ दुखली तर गालाला हात लावून बसतो. अंगाला खाज सुटली तर मात्र दाराआड जाऊन खाजवतो. खाज म्हणजे अस्वच्छता, असा एक समज आपल्या घराघरांत घट्ट बसला आहे. मुलीच्या अंगावर पुरळ उठले तर अम्मीला पहिली काळजी लोक काय म्हणतील याची, आणि सोयरीक ठरत असेल तर ती मोडेल याची. म्हणून दुखणे झाकले जाते. कुणीतरी नाव सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणली जाते. मग दोन-चार आठवड्यांत बरे झाले असते ते दुखणे वर्ष-वर्ष घरात मुक्काम करते. शाळेत रोज मुलांमध्ये वावरताना आम्ही हे सतत पाहतो, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

आपल्या हातकणंगले तालुक्यात अंगाला खाज आणणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. शिवारात ऊस आणि उसाच्या पाल्याची कूस. इचलकरंजीत यंत्रमागांची कापसाची धूळ आणि उकाडा. हुपरीत चांदीकामातले तेजाब. एका बाजूला वारणा, दुसरीकडे पंचगंगा. पावसाळ्यात ओल काही हटत नाही आणि कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. एवढ्या कारणांतून आपले कारण शोधायचे कसे? त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातली एक जुनी हकीकत उपयोगी पडते.

पुण्याचे कोडे

१९५५-५६ च्या सुमारास पुण्यात एक नवे तण लोकांच्या नजरेला आले. पाने गाजराच्या पाल्यासारखी, शेंड्याला बारीक पांढरी फुले. मूळचे हे अमेरिका खंडातले. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर ते आपल्याकडे पसरले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपण त्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो. पुढच्या काही वर्षांत पुण्याच्या परिसरात शेतकरी आणि मजूर एका विचित्र पुरळाने हैराण झाले. पापण्या सुजायच्या, मान आणि कोपराची आतली बाजू लाल होऊन जाड व्हायची, खाजेने रात्र रात्र झोप नसायची. औषध घेतले की बरे वाटे, पुन्हा बांधावर गेले की पुन्हा तेच.

हे कोडे सुटले ते साध्या प्रश्नांनी. त्रास कुणाला होतो? उघड्यावर काम करणाऱ्यांना. अंगावर कुठे होतो? कपड्यांनी न झाकलेल्या भागावर. कधी वाढतो? गवत माजते तेव्हा. कशानंतर होतो? शेतात, माळावर जाऊन आल्यावर. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याची ॲलर्जी एकदा जडली की गवताला हात लावायचीही गरज उरत नाही. वाऱ्यावर उडणारे त्याचे सुके कण चेहऱ्यावर बसले तरी पुरे होतात. आजही आपल्या रस्त्यांच्या कडेला आणि पडीक प्लॉटवर हे गवत कमरेइतके वाढते. ज्याला त्रास आहे त्याने ते स्वतः उपटू नये. इतरांनी हातमोजे घालून, फुलोरा येण्याआधी मुळासकट काढावे. त्यावर कपडे वाळत टाकू नयेत. शेतातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत.

कुणाला, कुठे, कधी आणि कशानंतर, हे चार प्रश्न कुठल्याही खाजेला लावता येतात.

कुणाला?

घरात एकालाच खाज आहे की दोघा-तिघांना? एकापाठोपाठ सगळ्यांना सुटली असेल आणि रात्री अंथरुणात पडल्यावर वाढत असेल, तर खरजेचा संशय घ्यावा. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, कंबर, बेंबीभोवती बारीक पुळ्या दिसतात. तान्ह्या मुलांना तळहात, तळपाय आणि डोक्यावरही येतात. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि कातडीत बीळ करून अंडी घालते. बाराव्या शतकातले अंदलुसचे थोर हकीम इब्न जुहर यांच्या लिखाणात या किड्याचा उल्लेख सापडतो. पुढे १६८७ मध्ये इटलीच्या बोनोमो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे वर्णन केले. म्हणजे हे दुखणे कुणाच्या पापाचे किंवा नुसत्या घाणीचे नाही, हे जगाला केव्हाच कळले आहे. रोज अंघोळ करणाऱ्या माणसालाही खरूज होते, कारण ती अंगाला अंग लागून पसरते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला.

खरजेत आपली फसगत होते ती इथे. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ज्याला खाज नाही तोही ती दुसऱ्याला देत असतो. म्हणून एकट्या मुलाला औषध लावून काही होत नाही. डॉक्टर देतील ते मलम घरातल्या सगळ्यांनी, दादी-नानीपासून लहानग्यापर्यंत, त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने एकाच रात्री लावायचे. सहसा ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या आणि नखांच्या कडा न सोडता लावतात, आणि आठवड्याने पुन्हा लावतात. लहान बाळ आणि गरोदर बाई यांच्याविषयी आधी विचारून घ्यावे. त्याच वेळी चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचे. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्याने औषध लागू पडले नाही असे समजून रोज रोज ते चोपडू नये.

कुठे?

जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली गोल चट्टा, कडेला लाल आणि उठावदार, मधे थोडा निवळलेला, असे दिसले तर ते बहुधा गजकर्ण. ही बुरशी आहे. घाम, घट्ट जीन्स, ओले कपडे आणि घरभर फिरणारा एकच टॉवेल यांवर ती पोसते. पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांनाही बहुतेक वेळा बुरशीच कारण असते. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्या तर हा त्रास बराच टळतो. मोजे ओल्या पायांवर चढवू नयेत.

कानाच्या पाळीला, गळ्याभोवती, मनगटावर किंवा बेंबीखाली बरोबर बटण टेकते तिथेच पुरळ असेल, तर धातूकडे पाहावे. नकली दागिने, घड्याळाचा पट्टा, जीन्सचे बटण, ओढणीची पिन यांत निकेल असते आणि त्याची ॲलर्जी पुष्कळांना असते. पावलावर पट्ट्याच्या आकाराचा चट्टा असेल तर चप्पल बदलून पाहावी. गवंडीकाम करणाऱ्यांचे हात सिमेंटने आणि घरातल्या बायांचे हात भांड्याच्या साबणाने फुटतात, तेही याच जातीचे.

कधी?

अंगावर गांधी उठतात, तासाभराने मावळतात, पुन्हा दुसरीकडे उठतात, याला आपण पित्त उठणे म्हणतो. एकच गांध बहुधा चोवीस तासांपेक्षा जास्त टिकत नाही, ही तिची खूण. कधी एखादे औषध, कधी मासे किंवा अंडे, कधी नुकताच येऊन गेलेला ताप यामागे असतो. सहा आठवड्यांहून जास्त चालले तर मात्र अनेकदा बाहेरचे कारण सापडतच नाही. तेव्हा घरात आज वांगे बंद, उद्या दूध बंद, परवा गोश्त बंद असे परहेज लादून माणसाला अशक्त करण्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेली गोळी नियमित घेणे बरे. पण गांधींबरोबर ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठावा.

कशानंतर?

नवा साबण, नवे औषध, केसांचा कलप, ईदची मेहंदी. खरी मेहंदी लालसर तपकिरी रंगते आणि तिला वेळ लागतो. तासाभरात काळीभोर रंगणाऱ्या कोनात बहुधा केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर नक्षीच्या बरोबर आकाराचे फोड उठू शकतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे आयुष्यभर कलपही लावता येत नाही. चाँदरातीला लहान मुलींच्या हातावर काळा कोन लावू देऊ नये.

पुरळ काहीच नाही आणि तरी सर्वांगाला खाज आहे, असेही होते. तेव्हा कारण आत असू शकते: मधुमेह, थायरॉईड, कावीळ, मूत्रपिंडाचा विकार, रक्तातील लोह कमी होणे. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री फार खाज सुटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ते यकृताचे दुखणे असू शकते आणि त्यात बाळालाही धोका असतो.

ट्यूबचा फास

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. घरातला तरुण मागावर कामाला. जांघेत गजकर्ण झाले. लाजेपोटी त्याने डॉक्टरांना दाखवले नाही, मित्राने सांगितलेली ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, त्याला वाटले शिफा झाली. ट्यूब थांबवली की चट्टा आधीपेक्षा मोठा. असे आठ महिने चालले. कातडी पातळ झाली, मांडीवर रेघा उमटल्या. तोवर बायकोला आणि धाकट्या मुलीलाही चट्टे आले होते. शेवटी तिघांवर त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार काही महिने चालले तेव्हा आराम पडला. चट्टे गेले, रेघा राहिल्या.

अशा ट्यूबांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन यांसारखे स्टिरॉइड असते. ते वाईट औषध नाही. योग्य दुखण्यात, योग्य दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते फार उपयोगी पडते. पण बुरशीवर लावले की ते खाज दाबते आणि बुरशीला मोकळे रान देते. चट्ट्याचे रूपही असे बदलते की डॉक्टरलाही ओळखायला अवघड जावे. गोरेपणासाठी हीच ट्यूब चेहऱ्याला चोपडणाऱ्या मुलीही कमी नाहीत. त्यांच्या वाट्याला मुरूम, लाली आणि कोवळ्या चेहऱ्यावर लव येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. कायदा झाला, आता आपण चिठ्ठीशिवाय मागणे सोडायला हवे.

तोवर घरी काय करावे?

नखे कापावीत. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात करावी. दगडाने किंवा काथ्याने घासू नये. अंग ओलसर असतानाच साधे खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे. मात्र गजकर्णाचा चट्टा तेलकट न ठेवता कोरडा ठेवावा. लिंबू, लसूण, चुना, रॉकेल असले काही लावू नये. त्याने कातडी भाजते आणि मूळ दुखणे झाकले जाते. सुती, सैल कपडे घालावेत. आणि एका वहीत ते चार प्रश्न मांडून रोज दोन ओळी लिहाव्यात. अशी वही घेऊन गेलेल्या माणसाचे निदान लवकर होते. खासगी तज्ज्ञ परवडत नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी. कोल्हापूरला सीपीआरमध्येही दाखवता येते.

दीनदार माणसांना आणखी एक सांगावेसे वाटते. पुरुषांना रेशीम मना असतानाही हजरत जुबैर आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना अंगाच्या खाजेमुळे प्रेषितांनी (स.) रेशीम वापरण्याची परवानगी दिल्याची नोंद हदीसमध्ये आहे. पाण्याने अपाय होत असेल तर आजाऱ्याला तयम्मुमची सवलत आहे. एवढ्या मोठ्या माणसांची खाज कुणी लपवली नाही, उलट तिच्यासाठी सवलत दिली गेली. मग आपण आपल्या लेकरांची का लपवावी?

शाळेत एखादे मूल खाजवताना दिसले की बाकीची मुले सरकून बसतात. त्या मुलाला खाजेपेक्षा ती रिकामी झालेली जागा जास्त बोचते. आम्ही शिक्षक अशा वेळी पालकांना एकांतात बोलावतो आणि शेजारच्या मुलांच्या घरीही निरोप देतो, कुणाचे नाव न घेता. पालकांकडून आमची अपेक्षा एवढीच, की निरोप आल्यावर रागावू नये आणि मुलाला मारू नये. घरातल्या सगळ्यांचे हात-पाय उजेडात बघावेत आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे.