कोपराच्या घडीतलं 'वाकडं तळं'

या पानावर आम्ही एरवी बेणं, खोडवं आणि हुमणी यांविषयी लिहितो. यावेळचा विषय आहे कोपराचा. हंगाम निम्मा सरला की कोयता चालवणाऱ्याचं कोपर बाहेरच्या अंगानं धरतं. मोळी उचलताना कळ मनगटापर्यंत जाते. याच्यावर चिनी सुई चालते का हो, असं गटात पुष्कळांनी विचारलं, म्हणून हे लिहीत आहोत.

हात कोपरात वाकवून बघा. घडीची रेघ बाहेरच्या बाजूला जिथं संपते तिथं, हाडाच्या उंचवट्याच्या अलीकडे, बोटाला खळगा लागतो. चिनी वैद्य त्याला 'छूची' म्हणतात, म्हणजे वाकडं तळं. हात वाकवूनच तो शोधावा असं 'लिंगशू' या प्राचीन ग्रंथातही सांगितलं आहे. सुई किती खोल घालायची याचं माप रोग्याच्याच अंगठ्याच्या पेराच्या रुंदीवर ठरतं. उसाची पेरं मोजण्यात आमची उमर गेली, त्यामुळं हे माप आम्हाला पटलं.

त्यांची कल्पना अशी की 'ची' नावाची प्राणशक्ती अंगात ठराविक वाटांनी वाहते. मोठ्या आतड्याची वाट तर्जनीच्या नखाशी सुरू होऊन नाकाशेजारी संपते. तिच्यावर 20 बिंदू असून छूची 11 वा. बोटापासून कोपरापर्यंतच्या पाच खास बिंदूंना विहीर, झरा, ओढा, नदी आणि समुद्र अशा पायऱ्या आहेत. छूची हा समुद्र. आपला कालवा मात्र उलटा, मोठ्यातून चारीत येणारा!

कोपरदुखी, लुळा पडलेला हात, ताप, अंगाची खाज यांसाठी हा बिंदू वापरतात. पण शवविच्छेदनात अशी वाट कुठं दिसत नाही. कोपरदुखीवरच्या काही चाचण्यांत थोडे दिवस आराम दिसला, टिकाऊ गुणाचा पुरावा मात्र अपुरा आहे. आमचं मत विचाराल तर पहिला उपाय कोयत्याच्या हाताला विसावा देणं हाच. अन् मुकादमानं त्यात आडकाठी करू नये.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले आणि 1942 साली तिथंच वारले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच पथकातले डॉ. विजय बसू पुढं चीनमध्ये ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती चालवली.

कुणाला सुई घ्यायचीच असेल तर वैद्याची नोंदणी विचारा, राज्यात त्यासाठी कायदा झालेला आहे. सुई नवी, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. रक्तदाबाची गोळी सुईच्या भरवशावर सोडू नका. डाव्या हाताच्या कळेबरोबर छाती भरून आली, घाम फुटला, तर कोपर दाबत बसू नका, तडक दवाखाना गाठा. ट्रॅक्टर रिकामा व्हायची वाट बघू नका.