श्वास रोखण्याच्या सरावाने पोहण्याचा वेग वाढतो का?

"डॉक्टर, कोच मुलांना एका श्वासात अख्खा लॅप मारायला लावतात. याने स्टॅमिना वाढतो ना?" स्पर्धेसाठी पोहणाऱ्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. फायदा होतो, पण थोडा आणि वेगळाच.

पाच-सात स्ट्रोकनंतर एकदाच श्वास घेण्याचा सराव 1970 च्या दशकात अमेरिकन प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी लोकप्रिय केला. उंच डोंगरावर विरळ हवेत सराव केल्यासारखा परिणाम होईल, अशी त्यामागची कल्पना होती. प्रत्यक्षात मोजल्यावर दिसले की अशा सरावात रक्तातला ऑक्सिजन फारसा घटत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र वाढतो. काही सेकंदांच्या या ताणाने हिमोग्लोबिन वाढत नाही. उलट दम लागून वेग कमी होतो आणि सरावाचा दर्जाच घसरतो.

मग उपयोग कुठे? 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये. श्वासासाठी मान वळवली की लय थोडी तुटते, म्हणून अव्वल जलतरणपटू ही शर्यत एखाद्या श्वासात किंवा श्वास न घेताच संपवतात. स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली 15 मीटरपर्यंत जाता येते, तिथेही घुसमट शांतपणे सोसण्याची सवय कामी येते. 400 किंवा 1500 मीटरला मात्र स्नायूंना ऑक्सिजन हवाच. तिथे श्वास वाचवण्यात शहाणपण नाही.

आता धोक्याचे. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची युक्ती मुले एकमेकांना शिकवतात. कोविडमधले ऑक्सिमीटर आठवा. निरोगी माणसाचा ऑक्सिजन आधीच 96 ते 99 टक्के असतो, तो आणखी किती वाढणार? कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि "आता श्वास घे" हा इशारा मुख्यतः तोच देतो. इशारा उशिरा येतो, तोवर ऑक्सिजन संपत येतो आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध पडते. हातपाय मारणे नाही, आरडाओरडा नाही. चांगले पोहणारेही यात दगावतात, कारण थांबायचे नाही हेच त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

त्यामुळे हा सराव कोचची नजर मुलावर असतानाच, थोडा वेळ, आणि प्रत्येक वेळी श्वास पूर्ववत झाल्यावरच करू द्या. "कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो" या पैजा पूर्ण बंद. मुलाला फिट येत असतील, पोहताना कधी चक्कर आली असेल किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या.